मोटारगाडीचा प्रवेगदोष

थांबविलेली मोटारगाडी पुन्हा पुढे नेताना वेगवर्धक, म्हणजे व्यवहारातील अ‍ॅक्सिलरेटर, पायाने दाबूनही तिचा वेग अपेक्षेप्रमाणे न वाढणे या बिघाडास प्रवेगदोष म्हणता येईल. प्रवेग म्हणजे वेगात दर एकक काळात होणारा बदल होय. संपूर्णपणे बंद पडलेल्या गाडीचा दोष शोधणे पुष्कळदा सोपे असते. प्रवेगदोष असलेल्या गाडीचे एंजिन मात्र सुरू असते, ती सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने बिनतक्रार धावतही असते आणि चौकात, रेल्वे फाटकाशी किंवा चढावर थांबून निघताना तेवढी अडखळते. मुख्य रस्ता ओलांडण्यासाठी निघालेली गाडी रस्त्याच्या मध्यावर मंदावली, तर तेथे गिऱ्हाईक व कारागीर यांच्यातील वादापेक्षा अधिक काही पणास लागलेले असते.

हा दोष थांबण्यानंतरच का प्रकट होतो, हे एका साध्या हिशेबावरून कळते. प्रवाशांसह १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ३० किमी. या स्थिर वेगाने चालत असेल, तर चाकांचा लोटणरोध व हवेचा रोध मिळून सु. २०० न्यूटन एवढ्याच प्रेरणेवर मात करावी लागते. हीच गाडी विसात एक अशा चढावर थांबवून दर सेकंदास १ मी./से. या प्रवेगाने न्यावयाची असल्यास प्रवेगासाठी १,२०० न्यूटन, चढासाठी सु. ५९० न्यूटन व लोटणरोधासाठी सु. १८० न्यूटन, अशी एकूण सु. २,००० न्यूटन प्रेरणा लागते. म्हणजे स्थिर गतीच्या मानाने मागणी जवळजवळ दहापट होते, आणि तीही एंजिन मंदगतीने फिरत असताना, म्हणजे त्याचे परिपीडन (फिरविण्याची क्षमता) पुरेसे वाढलेले नसताना. इंधन, हवा, ठिणगी, क्लच वा ब्रेक यांपैकी कोणतेही अंग थोडे दुबळे असले, तरी स्थिर गतीत ते झाकून जाते आणि या दहापट मागणीपुढे उघडे पडते.

निदानाची पहिली पायरी हत्याराची नसून कानाची आहे. वेगवर्धक दाबल्यावर एंजिनाचा आवाज चढतो काय, एवढेच प्रथम पाहावयाचे. आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असे असल्यास एंजिन निर्दोष असून त्याची शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. आवाज चढतच नाही किंवा खोकल्यासारखा तुटक येतो, असे असल्यास दोष एंजिनात, त्याच्या इंधनपुरवठ्यात किंवा प्रज्वलनात आहे. आवाज चढू पाहतो, पण एंजिन ओझ्याखाली दबल्यासारखे गुरगुरते आणि गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी चालते, असे असल्यास संशय ब्रेकवर जातो. हा भेद न करता कार्बुरेटर उघडण्याची सवय अनेक कर्मशालांत दिसून येते. गिऱ्हाइकाचा पैसा बव्हंशी तेथेच वाया जातो.

पहिल्या प्रकारात क्लचची परीक्षा करतात. क्लचच्या तबकडीवरील घर्षण अस्तर झिजले असेल, त्यावर तेल आले असेल किंवा क्लचच्या पट्टीस मोकळी चाल उरली नसेल, तर तबकडी प्रचक्रावर (एंजिनाच्या जड चाकावर) घसरते. जळक्या अस्तराचा वास ही याची ओळख होय. हातब्रेक घट्ट ओढून, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये एंजिनाची गती किंचित वाढवून क्लच सावकाश सोडल्यास निर्दोष क्लच एंजिनास बंद पाडतो. एंजिन फिरतच राहिले, तर क्लच घसरत आहे हे ठरते. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण प्रत्येक वेळी अस्तर अधिक जळते. परिपीडन परिवर्तक असलेल्या स्वयंचलित गिअरपेटीत तेलाची पातळी कमी असली तरी हेच लक्षण दिसते. परिवर्तकातील स्थिरचक्राची एकदिश पकड निकामी झाली, तर मात्र एक चमत्कारिक चित्र दिसते. थांबून निघताना जे परिपीडन सु. दुप्पट व्हावयाचे ते होत नाही, त्यामुळे आरंभी गाडी अगदी निर्जीव वाटते, पण वेग आल्यावर ती नेहमीसारखी धावते. कारागिराने अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहिली, तर त्याला दोष सापडतच नाही. क्लच व गिअर यांचे काम विद्युत् यंत्रणेकडे सोपविलेल्या गाड्या भारतात २०१४ पासून प्रचारात आल्या. त्यांतील क्लचही तबकडीचाच असल्याने वाहतुकीच्या कोंडीत पुनःपुन्हा इंचाइंचाने सरकल्यास तो तापून घसरू शकतो.

अडकलेल्या ब्रेकचा दोष थांबण्याशी सरळ निगडित आहे, कारण तो थांबण्याच्या क्रियेनेच उत्पन्न होतो. द्रवचालित ब्रेकच्या मुख्य सिलिंडरात एक बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर नळ्यांतील जादा द्रव या छिद्रावाटे टाकीत परत जातो. छिद्र कचऱ्याने बुजले किंवा पट्टीची मोकळी चाल संपल्यामुळे दट्ट्या त्यावरच उभा राहिला, तर द्रवाचा दाब पूर्णपणे उतरत नाही. ब्रेक किंचित लागलेला राहतो, त्यामुळे द्रव तापून प्रसरण पावतो आणि ब्रेक अधिकच आवळला जातो. केवळ ५०० न्यूटन इतका अडथळा राहिला, तरी ताशी ३६ किमी. वेगाला ५ किवॉ. उष्णता, म्हणजे पाच मोठ्या विजेच्या इस्त्र्यांइतकी, ब्रेकमध्ये निर्माण होते. दोषाची जागा ठरविण्यासाठी चाक वर उचलून हाताने फिरवितात. ते जड फिरत असेल, तर त्या चाकावरील हवा काढण्याचा स्क्रू क्षणभर सैल करतात. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर अडलेला दाब मुख्य सिलिंडराकडील किंवा मधल्या रबरी नळीतील असतो. चाक तरीही जड राहिले, तर चाकाजवळील दट्ट्या गंजून बसलेला असतो किंवा हातब्रेकची तार अडकलेली असते. गाडी सपाटीवर, गिअर न टाकता, एका माणसाने ढकलून पाहणे ही याहूनही सोपी परीक्षा असून घरमालकास ती स्वतः करता येते.

एंजिनच साथ देत नसेल, तेव्हा शोध अधिक नाजूक होतो. प्रथम वेगवर्धकाची पट्टी पूर्ण दाबली असता थ्रॉटल झडप (हवेची वाट कमीअधिक उघडणारी चकती) पूर्ण उघडते काय, हे एकाने पट्टी दाबून व दुसऱ्याने एंजिनाकडे पाहून ठरवावे. ताणलेली तार आणि पट्टीखाली गोळा झालेली पायपुसणी यांनी अनुभवी कारागिरांनाही फसविले आहे. यानंतर कार्बुरेटरातील वेगवर्धक पंपाकडे वळावे. थ्रॉटल झडप एकाएकी उघडली की हवा तत्काळ आत शिरते. पेट्रोल मात्र हवेपेक्षा कितीतरी जड असल्याने मागे राहते. शिवाय अंतर्गम नलिकेतील निर्वात कमी झाल्यामुळे पेट्रोलाची वाफ नलिकेच्या भिंतींवर द्रवरूपाने बसते. त्या क्षणी सिलिंडरात जाणारे मिश्रण इतके विरळ होते की ते नीट पेटत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एक छोटा पंप पट्टी दाबताच पेट्रोलाची पिचकारी मारतो. त्याचे चामडे किंवा रबरी पडदा वाळला, म्हणजे गाडी निघताना एक-दोन सेकंद गप्प होते आणि मग झेप घेते. हवेची गाळणी काढून, एंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने उघडली असता पिचकारी डोळ्यांनी दिसली पाहिजे. या परीक्षेस काहीच खर्च येत नाही. [⟶ कार्बुरेटर].

अंतर्गम नलिकेस कोठे भेग असल्यास किंवा तिची गास्केट फाटल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते. मंदगतीत नलिकेतील निर्वात सर्वांत जास्त, म्हणजे निर्दोष एंजिनात पाऱ्याच्या सु. ४५ ते ५३ सेंमी. इतका असतो व आत घेतलेली एकूण हवा थोडी असते. म्हणून ही गळती थांबलेल्या स्थितीत व निघताना सर्वाधिक बाधते. निर्वातमापक लावून हे तपासतात. समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मी. उंचीमागे मापकाचा आकडा सु. २·५ सेंमी.ने उतरतो, ही गोष्ट सु. ४५० मी. उंचीवरील यवतमाळसारख्या गावी लक्षात न घेतल्यास निर्दोष एंजिनही सदोष ठरविले जाईल. ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात डबाही याच नलिकेस जोडलेला असतो. त्याचा पडदा फाटल्यास ब्रेक दाबताना एंजिन लटपटते व पाय काढून लगेच निघताना दम धरीत नाही. डब्याकडे जाणारी रबरी नळी चिमट्याने दाबून बंद केल्यावर मंदगती सुधारली, तर दोष निश्चित झाला. ही तपासणी गाडी उभी ठेवूनच करावी, कारण नळी बंद असता ब्रेक फार जड लागतो.

ठिणगीच्या दुबळेपणाचे कारण सहज लक्षात येत नाही. मंदगतीत सिलिंडरात थोडेच मिश्रण भरले जाते व त्याचा दाब कमी असतो. वेगवर्धक दाबताच सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो आणि दाट वायूतून ठिणगी उडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. झिजलेली ठिणगी गुडदी (स्पार्क प्लग), तडकलेली जाडी तार किंवा तापल्यावर क्षीण होणारे प्रवर्तन वेटोळे मंदगतीत पुरे पडते, पण नेमके ओझ्याच्या वेळी चुकते. जुन्या पद्धतीच्या वितरकात संपर्कबिंदूंमधील फट सु. ०·४ मिमी. आणि गुडदीतील फट सु. ०·६ ते ०·७ मिमी. असावी लागते. ठिणगी योग्य क्षणाआधी आणणारी केंद्रोत्सारी वजने गंजून अडकली असतील, तर एंजिन चुकत नाही, फक्त सुस्त होते. अंधारात एंजिन चालू ठेवून तारांवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात काय, हे पाहणे ही जुनी व आजही उपयोगी युक्ती आहे.

उष्णतेमुळे होणारा प्रवेगदोष मात्र वेगळ्या विचाराचा आहे, कारण त्यात कोणताही भाग मोडलेला नसतो. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी या तालुक्याच्या गावाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. विदर्भाच्या या कापूसपट्ट्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते. यवतमाळहून सु. ४० किमी. अंतर कापून आलेली कार्बुरेटरची गाडी घाटंजीच्या बाजारात उन्हात उभी राहते. दहा-पंधरा मिनिटांनी ती लगेच सुरू होते, काही शे मीटर नीट जाते आणि मग वेगवर्धक दाबताच आचके देऊ लागते. पुष्कळदा बंदही पडते. सायंकाळी तीच गाडी काही न करता उत्तम चालते.

याचे कारण असे आहे. गाडी धावत असताना एंजिनावर वारा लागत असतो, पंखा फिरत असतो व थंड करणारे पाणी खेळत असते. एंजिन थांबताच हे तिन्ही थांबतात, पण ओतीव लोखंडात साठलेली उष्णता तशीच राहते व भोवतालच्या भागांत पसरते. त्यामुळे बॉनेटखालील तापमान थांबल्यानंतर पहिली काही मिनिटे उतरत नाही, उलट चढते. पेट्रोल हा एकच द्रव नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. ते सु. ३५° ते २१०° से. या पल्ल्यात उकळते. म्हणजे त्यातील हलका अंश वैशाखातील दुपारी नुसत्या हवेच्या तापमानालाही उकळण्याच्या बेतात असतो. जुन्या गाड्यांत इंधन पंप एंजिनालाच जोडलेला असून तो मागच्या टाकीतून पेट्रोल शोषून घेतो. शोषणामुळे नळीतील दाब घटतो व उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. नळीत व पंपात वाफेचे बुडबुडे होतात. पंपाचा पडदा ती वाफच दाबीत व सोडीत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. यास बाष्परोध म्हणतात. कार्बुरेटरच्या प्लवक कोठीत मात्र थोडे पेट्रोल शिल्लक असते. ते ५० घ. सेंमी. धरले व गाडी लिटरमागे १० किमी. जाते असे मानले, तर तेवढ्यावर ती सु. ५०० मी. जाईल. गाडी लगेच सुरू होऊन काही अंतर का जाते व तेथेच का अडते, याचा उलगडा या हिशेबाने होतो.

चालकाची हकीकत न ऐकता अशी गाडी कर्मशाळेत घेतली, तर ती तेथे सावलीत थंड होते. कारागीर एखादा भाग बदलतो, गाडी चालू लागते, आणि बदललेल्या भागास श्रेय मिळते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोष परत येतो व दुसरा भाग बदलला जातो. बाष्परोधाची खरी परीक्षा गाडी अडलेल्या जागीच होते. पंपावर व त्याच्या नळीवर ओले फडके ठेवून ती काही मिनिटांत सुधारली, तर निदान पक्के झाले. फियाट ११०० व तिचेच रूप असलेली, मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी, तसेच अँबॅसडर या गाड्यांच्या चालकांना हे फडके चांगले परिचयाचे होते. मुंबईच्या टॅक्सींमधून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाली, तरी हौशी मालकांकडील जुन्या गाड्यांना व कार्बुरेटर असलेल्या अन्य वाहनांना हा उपाय अद्याप लागू पडतो. कायमचा उपाय म्हणून नळी धुराड्याच्या नळीपासून दूर नेतात, पंप व एंजिन यांमध्ये उष्णतारोधक चकती घालतात किंवा टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवून पेट्रोल शोषण्याऐवजी ढकलतात.

उष्णतेचा दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. कोठीतीलच पेट्रोल उकळून नलिकेत सांडते व मिश्रण अतिसमृद्ध होते. अशा वेळी पेट्रोलाचा उग्र वास येतो व धूर काळा निघतो. वेगवर्धकाची पट्टी पुनःपुन्हा दाबल्यास आणखी पेट्रोल आत जाते. म्हणून ती एकदाच पूर्ण दाबून धरावी व एंजिन फिरवावे. बाष्परोधात वासही नसतो व काळा धूरही नसतो. दोन्ही प्रकारांत पेट्रोलाची वाफ भोवती असल्याने बॉनेट उघडून काडी ओढणे वा विडी पेटविणे धोक्याचे आहे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. कापूस वेचणीच्या हंगामात उघड्या गाड्यांतून उडणारे तंतू रेडिएटरच्या जाळीवर व हवेच्या गाळणीवर बसतात. गाळणी कोंदली की कार्बुरेटरच्या गाडीत मिश्रण समृद्ध होते आणि जाळी कोंदली की एंजिन तापते, त्यामुळे त्या हंगामात उन्हाळ्याची वाट न पाहताही हाच दोष दिसू शकतो.

१ एप्रिल २००० पासून देशभर लागू झालेल्या उत्सर्जन मानकांनंतर नव्या पेट्रोल मोटारींतून कार्बुरेटर मागे पडत गेला व इंधन अंतःक्षेपणाची पद्धत रूढ झाली. तीत पंप टाकीतच बुडालेला असतो व नळीतील दाब बहुधा सु. ३ ते ४ बार राखला जातो, त्यामुळे बाष्परोध दुर्मिळ झाला. प्रवेगदोष मात्र राहिला, फक्त त्याची जागा बदलली. अनेक आधुनिक गाड्यांत पट्टी व थ्रॉटल यांमध्ये तारच नसते. पट्टीखालील दोन संवेदक आपापले विद्युत् संकेत नियंत्रकाकडे पाठवितात व त्यांचा मेळ बसला नाही, तर नियंत्रक सुरक्षिततेसाठी एंजिनाची शक्ती मर्यादित करतो. ब्रेक व वेगवर्धक एकाच वेळी दाबल्याचा संकेत मिळाल्यास यांपैकी पुष्कळ गाड्या ब्रेकलाच मानतात. परिणामी ब्रेकचा बटनासारखा लहान स्विच अडकून राहिला, तर पाय काढल्यावरही नियंत्रकास ब्रेक दाबलेलाच दिसतो आणि गाडी थांबल्यानंतर पुढे वेग घेत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाने लाल दिवे विझतात काय एवढे पाहिले, तरी या दोषाचा छडा लागतो. नियंत्रकाच्या स्मृतीत साठविलेले दोषक्रमांक वाचण्याचे यंत्र आता तालुक्याच्या गावीही पोहोचले आहे, पण क्रमांक कोणत्या मंडलात गडबड झाली एवढेच सांगतो. संवेदक बिघडला, त्याची तार तुटली की संवेदक खरेच सांगत आहे, हे मापन करूनच ठरवावे लागते.

निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तक वितळून वा फुटून तुंबला, तर एंजिन मोकळे असताना बरे फिरते व ओझ्याखाली गुदमरते. एंजिनाची गती मिनिटास सु. २,५०० फेरे अशी स्थिर ठेवली असता निर्वातमापकाचा काटा हळूहळू उतरत गेला, तर निष्कास मार्ग कोंदला आहे असे समजतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ मानकांनंतर डीझेल मोटारींत काजळीची गाळणीही आली. ती स्वच्छ होण्यास तापमान पुरेसे वाढावे लागते. घर ते बाजार एवढीच धाव असलेल्या गाडीत ते वाढत नाही, गाळणी भरत जाते व नियंत्रक शक्ती कमी करतो. अशा गाडीस मोकळ्या रस्त्यावर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे सलग चालविणे हाच पहिला उपचार असतो.

पेट्रोलात एथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढल्यापासून आणखी एका तपासणीची भर पडली आहे. २०२३ पासून भारतात २० टक्के एथेनॉलयुक्त पेट्रोलाची विक्री सुरू झाली. एथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की पाणी व एथेनॉल यांचा थर पेट्रोलापासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप तळातूनच इंधन उचलतो. पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिलेली गाडी निघताना धडपडत असेल, तर टाकीतील थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकी रिकामी करून गाळणी बदलावी लागते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पंपाचे पडदे एथेनॉलास अनुकूल अशा द्रव्याचे नसल्यास ते फुगतात वा मऊ पडतात, म्हणून वेगवर्धक पंपाचा पडदा बदलताना नवीन पडदा कोणत्या द्रव्याचा आहे याची चौकशी करून घ्यावी.